हिरवा त्रिकोण कुणासाठी?

कीटकनाशकाच्या प्रत्येक बाटलीवर एक रंगीत त्रिकोण छापलेला असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. रंग ठरतो प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवरून. निम्मे प्राणी मरायला शरीराच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम विष पोटात जावं लागतं, तो आकडा बघतात. ५० पर्यंत लाल, ५००० च्या वर हिरवा.

आमच्या जालना जिल्ह्यात त्याला विष कुणी म्हणत नाही, औषध म्हणतात. औषध आणलं, औषध मारलं, औषध लागू पडलं. कपाशी, तूर, सोयाबीन, मका, मोसंबी, सगळ्यांना 'औषध' लागतं. लहानपणी मला प्रश्न पडायचा की औषध झाडाला देतात तर मरते अळी कशी? त्याचं उत्तर मी इंजिनिअर झाल्यावर, नोकरीला लागल्यावर शोधलं, आणि तेही गरज पडली म्हणून.

गरज अशी पडली. नोव्हेंबर चालू होता. तूर फुलावरून शेंगेवर येत होती. बाबांचा पुण्याला फोन आला.

"तुरीत अळी दिसायला लागली. दुकानदार कोराजन घेऊन जा म्हणतो. पण तात्यांची बॅच चालू आहे. मारू का नको, ते बघून सांग."

तात्या म्हणजे बांधाला बांध असलेले शेजारी. त्यांनी कपाशी मोडून एक एकर तुती लावली आणि शेड बांधलं. रेशीम आमच्या भागात आता नवलाईचं राहिलेलं नाही. पूर्वी कोष विकायला थेट कर्नाटकात रामनगरला जावं लागायचं. २०१८ साली जालन्याच्या बाजार समितीतच कोषांचा बाजार सुरू झाला आणि बऱ्याच जणांनी तुती लावली. कपाशीचा पैसा वर्षातून एकदा येतो. रेशमाची बॅच महिन्याभरात निघते आणि वर्षाला चार-पाच बॅचेस होतात. मुलांची फी, बँकेचा हप्ता, दवाखाना, सगळं त्या बॅचवर.

बाबांना फक्त हो किंवा नाही हवं होतं. मी मात्र दोन रात्री वाचत बसले, आणि कोराजनच्या बाटलीवरून थेट माझ्याच दंडातल्या स्नायूंपर्यंत पोचले.

कॅल्शियम म्हटलं की आपल्याला हाडं आठवतात. दूध, आजीच्या गोळ्या, गुडघेदुखी. पण गावाकडच्या माणसाने कॅल्शियमचं दुसरं कामही पाहिलेलं असतं, फक्त ते त्याच्या लक्षात आलेलं नसतं. चांगली दुधाची गाय वितेे आणि एक-दोन दिवसांत बसून राहते. उठता येत नाही, मान पोटाकडे वळवून पडते, कान गार लागतात. याला दूधताप म्हणतात, पण ताप नसतोच. चीक आणि दूध तयार करण्यात रक्तातलं कॅल्शियम एकाएकी कमी झालेलं असतं. डॉक्टर येतात, शिरेतून कॅल्शियमची बाटली लावतात, अगदी सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत. कारण घाई केली तर हृदयच थांबू शकतं. पुष्कळदा बाटली संपता संपता गाय उठून उभी राहते. इतक्या थोड्या वेळात हाडांचं काहीच झालेलं नसतं. उठतात ते स्नायू.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते लंडनच्या सिडनी रिंगर या डॉक्टरला. तो बेडकाचं हृदय शरीराबाहेर मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवण्याचे प्रयोग करत होता. प्रयोग छान चालले होते. मग कळलं की द्रावणासाठी शुद्ध केलेलं पाणी वापरायचं ते सोडून नळाचं पाणी वापरलं गेलं होतं. शुद्ध पाणी वापरल्यावर हृदय थोड्याच वेळात थांबायला लागलं. लंडनच्या नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम हृदयाला चालू ठेवत होतं. हे त्याने १८८३ मध्ये प्रसिद्ध केलं. आज तालुक्याच्या दवाखान्यात अशक्तपणासाठी जी 'आरएल'ची बाटली लावतात, त्यातला 'आर' म्हणजे हाच रिंगर. त्या बाटलीत थोडं कॅल्शियम आजही असतं.

आता स्नायूच्या आत जाऊ.

स्नायूच्या पेशीत कॅल्शियम सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. पेशीच्या आत पिशव्यांचं एक जाळं असतं आणि कॅल्शियम त्यात कोंडून ठेवलेलं असतं. स्नायू शांत असताना पिशवीतलं मोकळं कॅल्शियम बाहेरच्या द्रवापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त असतं. धरणाच्या भिंतीच्या एका बाजूला भरलेला जलाशय आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ कोरडी नदी, तसं. या भिंतीत दारं आहेत. तुम्ही फोन उचलायचं ठरवता, मेंदूकडून नसेमधून विजेचा संदेश येतो, तो स्नायूच्या पृष्ठभागावरून आत उतरतो. तिथे एक प्रथिन वीज ओळखून आपला आकार किंचित बदलतं आणि त्याला टेकलेलं पिशवीचं दार उघडतं. कॅल्शियम बाहेर धावतं. स्नायूतल्या बारीक तंतूंवर ट्रोपोनिन नावाचं प्रथिन बसलेलं असतं, त्याला ते चिकटतं. जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी १९६५ च्या सुमारास हे प्रथिन शोधलं. ट्रोपोनिन हलल्यावर तंतू एकमेकांना पकडून ओढायला लागतात आणि स्नायू आखडतो. हे सगळं एका सेकंदाच्या काही शतांश भागात होतं.

हृदयात यंत्रणा थोडी वेगळी आहे. तिथे वीज दाराला थेट ढकलत नाही. आधी पेशीबाहेरून थोडं कॅल्शियम आत येतं आणि तेच जाऊन पिशवीचं दार उघडतं. म्हणजे कॅल्शियमच कॅल्शियमला बोलावतं. रिंगरच्या बेडकाचं हृदय बाहेरच्या पाण्यात कॅल्शियम नसताना का थांबलं, ते इथे कळतं.

वाचताना मला दार उघडण्यापेक्षा ते बंद होण्याचं जास्त अप्रूप वाटलं. उघडणं सोपं आहे. पण स्नायू सैल पडायचा असेल तर दार लगेच लागलं पाहिजे आणि बाहेर आलेलं कॅल्शियम परत पिशवीत भरलं पाहिजे. त्यासाठी भिंतीवर पंप आहेत आणि ते फुकट चालत नाहीत. कॅल्शियमचे दोन कण आत ढकलायला पेशीचं एटीपी नावाचं इंधन एकदा खर्च होतं. माणूस गेल्यावर काही तासांनी शरीर ताठ होतं ते याचमुळे. इंधन संपलेलं असतं, पंप बंद पडतात, कॅल्शियम बाहेरच राहतं आणि एकमेकांना पकडलेले तंतू सुटत नाहीत, कारण सुटायलाही इंधनच लागतं. म्हणजे हात मुठीत आवळायला जसा खर्च आहे तसाच मूठ सैल सोडायलाही आहे.

म्हणून या दारावर पहारा कडक आहे. पेशीतलं मॅग्नेशियम ते दाबून धरतं. कॅल्शियम थोडं वाढलं की दार उघडायला मदत होते, फार वाढलं की तेच दार बंद करतं. एटीपी उघडायच्या बाजूने असतं. काही छोटी प्रथिनं दाराला चिकटून त्याची गळती थांबवतात. चहा-कॉफीतलं कॅफिनसुद्धा हे दार सैल करतं, पण त्याला लागणारं प्रमाण कपभर चहातून मिळणाऱ्या प्रमाणाच्या कितीतरी पट आहे. तेव्हा चहा बिनधास्त प्या.

या दाराला विज्ञानात 'रायनोडिन रिसेप्टर' म्हणतात. नाव दाराच्या कामावरून पडलेलं नाही, एका विषावरून पडलंय. दक्षिण अमेरिका आणि त्रिनिदादकडे रायनिया नावाचं झुडूप होतं. त्याच्या खोडाची पूड १९४० च्या दशकात अमेरिकेत कीटकनाशक म्हणून वापरात आली. त्यातलं विष १९४८ मध्ये वेगळं केलं आणि त्याला रायनोडिन नाव दिलं. ते नेमकं कुठे जाऊन चिकटतं हे शोधता शोधता १९८० च्या दशकात हे दार हाती लागलं. आधी विष सापडलं आणि त्या विषाने दार दाखवलं. दार तरी केवढं! चार सारखे भाग, प्रत्येकात सुमारे पाच हजार अमिनो आम्लांची साखळी. आपल्या शरीरात त्याचे तीन प्रकार आहेत. कीटकांकडे मात्र एकच.

दार उघडंच राहिलं तर काय होतं, हे माणसातही दिसलंय. १९६० मध्ये मेलबर्नच्या मायकेल डेनबरो या डॉक्टरकडे पाय मोडलेला २१ वर्षांचा तरुण आला. त्याला मोडलेल्या पायाची काळजी नव्हती, भुलीची भीती होती. त्याच्या कुटुंबातली दहा माणसं ईथरच्या भुलीत दगावली होती. वेगळं औषध वापरून भूल दिली तरी त्याचं अंग तापायला लागलं. डॉक्टरांनी वेळीच थांबवल्यामुळे तो वाचला. पुढे कळलं की अशा बऱ्याच कुटुंबांमध्ये स्नायूंतलं हे दार जन्मतः किंचित वेगळं असतं. रोजच्या जगण्यात काही जाणवत नाही, पण भुलीच्या काही वायूंनी ते उघडतं आणि मिटत नाही. स्नायू आखडत राहतात, पंप जिवाच्या आकांताने चालतात, इंधन जळतं आणि त्या उष्णतेने माणूस अक्षरशः आतून तापतो. त्यावर डँट्रोलिन हे औषध आहे. ते या दारातून येणारं कॅल्शियम कमी करतं.

कोराजन अळीमध्ये याच दाराशी खेळतं. त्यातल्या घटकाचं नाव क्लोरँट्रानिलीप्रोल. २००७-०८ च्या सुमारास ते बाजारात आलं. त्याच कुळातलं फ्लुबेंडिअमाइड जपानी कंपनीने शोधलेलं. हे रेणू अळीच्या स्नायूतल्या दाराला चिकटतात आणि ते उघडं ठेवतात. कोठार रिकामं होतं. अळी आखडते, लुळी पडते. ती लगेच मरत नाही, म्हणून नवखा शेतकरी दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन "औषध बोगस निघालं" म्हणतो. पण तिचं तोंड चालायचं थांबलेलं असतं. चावायलाही स्नायूच लागतात. पीक तिथेच वाचलं, मरण दोन-तीन दिवसांनी येतं.

मग फवारणाऱ्या माणसाचं काय? दार तर त्याच्याही दंडात आहे. फरक असा, की कीटकाच्या आणि आपल्या दाराची साखळी निम्म्याहून कमीच जुळते, आणि हा रेणू जिथे बसतो तिथे आपलं दार पुरेसं वेगळं आहे. त्यामुळे कीटकाच्या दारावर तो आपल्यापेक्षा शेकडो पट जास्त चालतो. हिरवा त्रिकोण मिळाला तो याच जोरावर. आणि हे काही थोडं नाही. मोनोक्रोटोफॉससारखी लाल त्रिकोणाची औषधं नसा आणि स्नायूंमधला संदेश थांबवणारं विकर बंद पाडतात. ते विकर अळीत आणि माणसात जवळजवळ सारखंच आहे, म्हणून ते दोघांनाही मारतं. २०१७ मध्ये यवतमाळला कपाशी फवारताना शेतमजूर दगावले, तेव्हा आमच्या घरातही पंप कुणी उचलायचा यावरून वाद झाला होता. आईने बाबांचा पंप दोन दिवस लपवून ठेवला होता. त्यामुळे तुरीवर तीन मिली दहा लिटर पाण्यात टाकायचं आणि माणसाला फारसं काही होत नाही, अशा औषधाची किंमत मला कळते. २०२२ मध्ये त्याचं भारतातलं पेटंट संपलं, इतर कंपन्यांनीही ते आणलं. आता ते गावोगावच्या कृषी सेवा केंद्रात आहे.

पण त्या रेणूला शेंग पोखरणारी अळी शत्रू आणि रेशमाची अळी लक्ष्मी, हे कोण सांगणार? दोन्ही पतंगवर्गातल्या. दोघींचं दार जवळजवळ सारखं. बोंडअळी, घाटेअळी, मक्यावरची लष्करी अळी यांना मारण्यासाठी जो रेणू इतका नेमका जुळवला, तो रेशीमकिड्यालाही तितकाच नेमका बसतो. रेशीमकिड्यावरचे प्रयोग सांगतात की तो या रेणूला अतिशय नाजूक आहे. पानावर अगदी थोडा अंश असला तरी किडे मरतात, आणि जे मरत नाहीत त्यांची वाढ खुंटते, कोष नीट होत नाहीत. तुतीच्या पानावर तुषार गेले तर ते पानात मुरतात आणि बरेच दिवस टिकतात.

कोष विणणं हे शेवटी स्नायूंचं काम आहे. किडा चार वेळा कात टाकतो. शेवटच्या अवस्थेत तो एवढं खातो की शेडमध्ये उभं राहिलं तर पावसाची सर आल्यासारखा आवाज येतो. मग त्याला चंद्रिकेवर सोडतात आणि तो इंग्रजी आठच्या आकड्यासारखं डोकं फिरवत दोन-तीन दिवस एक सलग धागा काढत राहतो, शेकडो मीटर. प्रत्येक वेळी डोकं इकडून तिकडे नेताना त्याच्या इवल्या स्नायूंत ते दार उघडतं आणि लागतं. तात्यांचा हप्ता त्या उघडझापीवर चाललेला असतो.

मी बाबांना फोन केला. कोराजन नको म्हटलं. त्यांनी लगेच विचारलं, "मग सेंद्रिय मारतो. बीटीची पावडर मिळते."

मी तेही वाचलं होतं. बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी, हा जीवाणू पहिल्यांदा सापडला तो १९०१ मध्ये जपानमध्ये, इशिवाता यांना, मेलेल्या रेशीमकिड्यांमध्ये. ते किडे का मरतात हे शोधताना. त्याच जीवाणूचं जनुक घातलेल्या कपाशीला २००२ मध्ये भारतात मंजुरी मिळाली आणि त्यात पुढे होती ती आमच्याच जालन्याची, बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये काढलेली महिको. ज्या शहराच्या नावावर बीटी कपाशी आहे, त्याच शहरात आता रेशमाचा बाजार भरतो. सेंद्रिय असो की रासायनिक, अळी मारणारं बहुतेक औषध रेशमाच्या शेडपर्यंत पोचलं तर घात करतं.

उरला एक पर्याय, एचएएनपीव्ही. हा घाटेअळीलाच लागणारा विषाणू आहे. रेशीमकिड्याचा विषाणू वेगळा असतो, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तो ऊन उतरल्यावर फवारायचा, कारण उन्हात निकामी होतो. अळ्या लहान असतानाच मारायचा. तो सावकाश काम करतो आणि प्रत्येक दुकानात मिळत नाही. बाबांनी तो दोन ठिकाणी फिरून मिळवला. सोबत कामगंध सापळे लावले, पक्षी बसायला काड्या रोवल्या आणि मोठ्या अळ्या झाडं हलवून खाली पाडल्या. वारा तात्यांच्या बाजूने नसेल तेव्हाच फवारलं, आणि फवारायच्या आदल्या दिवशी तात्यांना सांगितलं, म्हणजे त्यांनी बांधालगतच्या तुतीच्या फांद्या आधीच तोडून घेतल्या.

तूर गेल्या वर्षापेक्षा कमी झाली. नक्की किती अळीमुळे आणि किती पावसामुळे, ते वेगळं काढता येत नाही. तात्यांची बॅच निघाली. त्यांनी उरलेल्या तुतीच्या फांद्या आमच्या शेळ्यांना दिल्या आणि किड्यांची विष्ठा आमच्या शेतात टाकायला दिली, चांगलं खत होतं म्हणून. बाबांच्या नुकसानीचं त्यांनी काही काढलं नाही आणि बाबांनीही विषय काढला नाही. गावात अशा गोष्टींचा हिशेब पैशात मांडत नाहीत. पण मांडत नाहीत म्हणून तो नसतोच असं नाही.

या हिशेबात आणखी एक खातं आहे. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगावर फिलिपिन्स आणि थायलंडमध्ये ही औषधं काही वर्षांतच चालेनाशी झाली. २०१२ मध्ये कारण सापडलं. सुमारे पाच हजार अमिनो आम्लांच्या साखळीत ४९४६ क्रमांकाचं एक बदललं होतं. ग्लायसिनच्या जागी ग्लुटामिक आम्ल. एका ओळीत एक अक्षर. आमच्या कामात एवढा बदल रिव्ह्यूमध्ये सहज नजरेतून सुटतो. पण तेवढ्या बदलाने रेणू दाराला नीट बसेना आणि पतंगाचं दार मात्र चालू राहिलं. गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीचं काय केलं ते २०१७ च्या खरिपात राज्याने पाहिलंय. एकच औषध, एकाच शिवारात, वर्षातून चार वेळा मारलं की आपण नेमकी तीच एका अक्षराची अळी निवडून वाढवतो. मग हिरव्या त्रिकोणाचं औषध चालेनासं होतं आणि दुकानदार पुन्हा लाल त्रिकोणाकडे हात करतो. ते मारायला पंप पाठीवर बाबांसारखाच कुणीतरी घेतो.

हिरवा त्रिकोण खोटं बोलत नाही. तो एवढंच सांगतो की या विषाला माझ्या स्नायूतलं दार नीट उघडता येत नाही. शेजारच्या शेडमधल्या दाराबद्दल त्यात काही नसतं. बाटलीसोबतच्या कागदावर बारीक अक्षरात सूचना असतात, पण तो कागद कुणी उघडून वाचत नाही. आणि शिवार आता एका पिकाचं राहिलेलं नाही. एका बांधावर तूर, दुसऱ्यावर तुती, पलीकडे मका.

पुढच्या खरिपात तात्या तुती वाढवणार आहेत. बाबांना त्याच बाजूला मका घ्यायचा आहे आणि मक्यावर लष्करी अळी येणार हे ठरलेलंच. तिला घाटेअळीचा विषाणू चालणार नाही. मी बाबांना मका खालच्या तुकड्यात घ्या म्हटलंय. खालच्या तुकड्यात पाणी साचतं, असं ते म्हणतात. अजून ठरलेलं नाही.